वाचक विचारतात : सगळ्या गावाला ठाऊक असतं, बोलत कोणीच नाही

लहान गाव, एक मृत्यू आणि त्याचा छडा लावणारा खासगी गुप्तहेर. अशा रहस्यकादंबऱ्यांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : महानगरात घडणारी रहस्यकथा मी बऱ्याचदा अर्ध्यावर सोडतो. तोच खून एखाद्या आडगावात झाला की मात्र पुस्तक खाली ठेववत नाही. ही फक्त माझी आवड, की यामागे काही कारण आहे?

उत्तर : कारण आहे. महानगरातल्या कथेत शेजाऱ्याला शेजारी माहीत नसतो. तिथला तपास म्हणजे मुळात नसलेली माहिती मिळवणं : कॅमेऱ्यांचं चित्रण, बँकेची खाती, प्रयोगशाळेचे अहवाल. लहान गावात माहितीला तोटा नसतो. कोणाची गाडी रात्री कोणाच्या दारात उभी होती, कोणते दोन भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, कोणाचं कर्ज कोणी गुपचूप फेडलं, हे सगळं कोणाला ना कोणाला ठाऊक असतंच. फक्त प्रत्येकाकडे एकेक तुकडा, आणि तो बोलून दाखवायची प्रत्येकाची अडचण वेगळी. त्यामुळे गुप्तहेराला माणूस शोधायला वेळ लागत नाही; ज्याला माहीत आहे तो गप्प का, हे शोधायला लागतो. गप्प राहण्याची कारणं भिडेची, उपकाराची, भीतीची, नात्याची. ती समजायला वाचकाला कोणत्याही शास्त्राचं ज्ञान लागत नाही. आपण सगळेच कशाबद्दल तरी गप्प असतो.

दुसरं कारण व्यवहाराचं. शहरात खुनी लाखोंपैकी कोणीही असू शकतो. ते वर्तुळ लहान करायला लेखकाला बंद बंगला, अडकलेली रेल्वेगाडी असले खटाटोप करावे लागतात. गाव ते काम आपसूक करतं.

आणि तिसरं, जे अनेक लेखक विसरतात : खुनी पकडला गेला तरी बाकीच्यांना तिथेच राहायचं असतं. मृताची बायको आणि खुन्याची आई दुसऱ्या दिवशी एकाच रस्त्यावर समोरासमोर येणार. उलगड्यानंतरची आठ-दहा पानं लेखकाने या भेटीला दिली की पुस्तक मनात रेंगाळतं. हातकड्या पडल्याबरोबर कादंबरी संपवणाऱ्याला गाव कशासाठी हवं होतं, असा प्रश्न पडतो.

प्रश्न : पोलीस असताना लोक खासगी गुप्तहेराकडे का जातात, हे बहुतेक पुस्तकांत पटतच नाही. शिवाय हा गुप्तहेर गावचाच असावा की बाहेरून आलेला?

उत्तर : तीन वेळांना तो पटतो. पोलिसांनी ‘अपघात’ किंवा ‘आत्महत्या’ म्हणून प्रकरण मिटवलेलं असतं तेव्हा. मामला मुळात गुन्ह्याचाच नसतो तेव्हा : स्वतःहून निघून गेलेला सज्ञान माणूस, वारसाबद्दलचा संशय, निनावी पत्रं. आणि अशिलाला उत्तर हवं असतं, पण आपण ते शोधतोय हे गावाला कळायला नको असतं तेव्हा. कथेसाठी तिसरी वेळ सर्वांत सुपीक, कारण अशील स्वतःही काही झाकत असतो.

इतिहासही हेच सांगतो. विदोक या माजी गुन्हेगाराने, जो पुढे पोलीस खात्यात वरिष्ठ पदापर्यंत चढला, १८३३मध्ये पॅरिसमध्ये खासगी चौकशीची कचेरी उघडली. तिचे अशील मुख्यतः फसवले गेलेले व्यापारी. अमेरिकेत शिकागोच्या पिंकर्टन संस्थेचे मोठे ग्राहक रेल्वे कंपन्या होत्या. रोजचं काम तसं रुक्षच : माणसाची पूर्वपीठिका तपासणं, पाळत ठेवणं, पळालेला देणेकरी शोधणं. म्हणून एखाद्या किरकोळ कामापासून सुरू होऊन प्रेतापर्यंत पोचणारी कादंबरी अधिक खरी वाटते. पहिल्याच पानावर ‘माझ्या नवऱ्याचा खून कोणी केला ते शोधा’ म्हणत कोणी दार ठोठावलं की बांधणी डळमळू लागते.

खासगी गुप्तहेराला पोलिसांसारखे अधिकार नसतात. झडती घेता येत नाही, कोणाला बोलायला भाग पाडता येत नाही, आणि दुसऱ्याच्या बंद घरात शिरला तर तोच गुन्हेगार. ही असहायता हेच या प्रकाराचं भांडवल आहे. त्याला प्रत्येक गोष्ट कोणीतरी आपखुशीने सांगावी लागते, आणि आपखुशीने कोणी फुकट सांगत नाही. बदल्यात कधी एखादी बातमी, कधी मदत, कधी गप्प राहण्याचं वचन द्यावं लागतं. ‘जुना मित्र’ असलेला पोलीस अधिकारी शवविच्छेदनाचा अख्खा अहवाल त्याच्या हातात ठेवतो तिथे हे भांडवल बुडतं. अधिकाऱ्याने एकच ओळ सांगावी, आणि त्याची किंमत पुढे वसूल करावी.

गावचा की बाहेरचा? गावच्या माणसाला खाणाखुणा कळतात, पण त्याच्याकडे सगळे अमक्याचा मुलगा म्हणूनच बघतात आणि संशयितांत त्याचा चुलतभाऊही निघतो. बाहेरच्याबरोबर वाचकालाही गाव हळूहळू उलगडत जातं, पण दारं उघडून घेण्यातच पहिली पन्नास पानं जातात. मधला मार्ग म्हणजे वीसेक वर्षांनी परतलेला. त्याला गाव आठवतं, पण जुनं आठवतं, आणि तो हमखास चुकतो. युक्ती चांगली आहे, फक्त त्याला दारू आणि मोडलेला संसार प्रत्येक वेळी चिकटवायलाच हवा असं नाही.

प्रश्न : शंभराव्या पानापर्यंत मला खुनी कळतो. घरचे म्हणतात मी हुशार आहे. मला वाटतं, लेखकच कच्चे आहेत.

उत्तर : घरच्यांचं मन मोडू नका, पण तुमचं म्हणणं रास्त आहे. मुरलेला वाचक खुनी पकडतो तो पुराव्यांवरून कमी आणि बांधणीच्या शिवणींवरून जास्त. नाव, चेहरा, आवाज, सवयी यांचं ऐसपैस वर्णन झालंय, पण कथानकात काहीच काम नाही असं पात्र. न मागता दर वेळी गुप्तहेराच्या मदतीला धावणारा. सुरुवातीलाच संशय येऊन साठाव्या पानावर निर्दोष ठरलेला. आणि दुसऱ्या घटनेच्या वेळी आपण कुठे होतो हे मिनिटामिनिटाने सांगणारा. खऱ्या माणसाला नऊ ते दहा कुठे होतो ते धड आठवत नाही.

लेखकासाठी यावर उपाय एकच : प्रत्येक दुय्यम पात्राला खुनाशी संबंध नसलेलं एखादं काम आणि एखादी लपवण्याजोगी गोष्ट द्या. तुमच्यासाठी मात्र एक खेळ सुचवतो. पुस्तक निम्मं झालं की एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा : नाव, हेतू, संधी कशी मिळाली, आणि कोणत्या पानावरच्या कोणत्या तपशिलावरून. नाव बरोबर पण हेतू चुकला तर अर्धेच गुण. चारही वारंवार बरोबर येऊ लागले तर घरच्यांचं म्हणणं खरं.

प्रश्न : सगळे धागे वाचकासमोर हवेत असं म्हणतात. मग ते लपवायचे कसे? दिशाभूल आणि फसवणूक यांतली रेघ कुठे?

उत्तर : रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातले काही आज गमतीचे वाटतात (गुप्त खोली किंवा भुयार एकाहून अधिक नको), पण दोन अजून पक्के आहेत : गुन्हेगार कथेत लवकर दिसलेला असावा, आणि गुप्तहेराला सापडलेला धागा त्याच क्षणी वाचकालाही दाखवावा. रेघ अशी : तपशिलाच्या अर्थाबद्दल वाचकाला चकवा, तपशिलाबद्दल नाही. ‘घर रिकामं होतं’ असं एखादं पात्र म्हणालं आणि ते खोटं निघालं तर चालतं. निवेदकच म्हणाला आणि खोटं निघालं तर ती लबाडी.

एक उदाहरण रचून पाहू. तात्या नावाचा एक वृद्ध घरमालक मेलेला सापडतो. शेजारी चिठ्ठी : ‘आता सहन होत नाही, मी निघतो.’ वर गुरुवारची तारीख. हस्ताक्षर त्याचंच. खरी गोष्ट अशी की ते पान सहा वर्षांपूर्वीच्या, भागीदारी सोडतानाच्या पत्रातलं आहे. तारीख तेवढी खुन्याने घातली. ते कशावरून कळणार? त्या आठवड्यात म्हाताऱ्याचा वाचायचा चष्मा दुरुस्तीला गेलेला होता. एवढ्या बारीक, सरळ ओळी तो गुरुवारी लिहूच शकत नव्हता.

आता पेरणी. चौथ्या प्रकरणात गुप्तहेर चष्मेवाल्याकडे जातो, पण वेगळ्याच कामासाठी : वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची चौकशी करायला. बोलता बोलता चष्मेवाला ट्रे सरकवतो आणि कुरकुरतो की लोक चष्मे टाकून जातात ते न्यायला येत नाहीत. एकाची दांडी, एकाची काच, ‘तात्यांचा तर सोमवारपासून पडलाय’, आणि ती मास्तरीणबाई तर पैसेही देत नाही. तेवढ्यात रस्त्यावर भांडण जुंपतं. नवव्या प्रकरणात भाची सांगते की शेवटी शेवटी मामा तिच्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचा. वाचक त्याला एकटेपणा समजतो. पंधराव्यात चिठ्ठीवर चर्चा होते आणि सगळ्यांचं लक्ष हस्ताक्षर खरं की खोटं यावर. ते खरं ठरतं. प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

इथे तीन युक्त्या झाल्या. कामाचा तपशील यादीच्या मधोमध ठेवला, कारण पहिली आणि शेवटची गोष्ट लक्षात राहते. त्याला आधीच एक चुकीचं पण पटणारं कारण दिलं. आणि लगेच मागून गलबला केला. बिघडतं ते दोन टोकांना : लेखक आपल्या चष्म्याच्या प्रेमात पडून त्याचा चारदा उल्लेख करतो, किंवा चष्मेवाला पहिल्यांदा उगवतो तोच शेवटच्या प्रकरणात. हस्तलिखित पाच जणांना द्या आणि तीन-चतुर्थांशावर थांबवून खुनी विचारा. पाचही जणांना कळला तर धागा उघडा पडलाय. एक-दोघांना कळला आणि बाकीचे शेवट वाचून ‘अरे हो, तो चष्मा!’ म्हणाले, तर हात लावू नका.

प्रश्न : ‘मृत्यू रात्री ९.४० वाजता झाला’ असं डॉक्टर मृतदेहाकडे नुसतं बघून सांगतात. हे शक्य आहे का?

उत्तर : नाही. शरीर थंड होण्याचा वेग सर्वसाधारणपणे तासाला पाऊण ते एक अंश सेल्सिअस धरतात, पण कपडे, अंगकाठी, वारा, जमीन यांनी तो बदलतो, आणि हवाच अंगाइतकी गरम असेल तर या मोजमापाचा उपयोग नाही. ताठरपणा साधारण दोन ते चार तासांत जबड्यापाशी आणि पापण्यांत जाणवू लागतो, बाराएक तासांत सर्वांगाला येतो आणि पुढच्या दिवस-दीड दिवसात ओसरतो. उकाड्यात हे सगळं लवकर, थंडीत उशिरा. रक्त खालच्या बाजूला साचून पडणारे जांभळट डाग तास-दोन तासांत दिसतात आणि आठ ते बारा तासांत पक्के होतात. त्यानंतर देह हलवला तरी डाग जागा सोडत नाहीत. पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर पक्के डाग असतील तर बऱ्याच तासांनी कोणीतरी त्याला उलटवलंय. हा धागा जुना आहे, पण अजून चालतो.

प्रामाणिक डॉक्टर ‘आठ ते बाराच्या दरम्यान’ म्हणेल, आणि हा चार तासांचा पट्टा म्हणजे लेखकाला मिळालेली देणगी. तेवढ्या वेळात प्रत्येकजण दहा-वीस मिनिटं तरी कोणाच्या नजरेत नसतोच. ९.४० म्हणून टाकलं की ती देणगी गेली.

प्रश्न : मोबाइल आणि कॅमेरे आल्यावर हा प्रकार संपला ना?

उत्तर : गावात उलट टिकला. विरळ वस्तीत एका टॉवरचा पल्ला काही किलोमीटरचा असतो. ‘फोन गावातच होता’ यातून काय कळणार? कॅमेरे मोजके, आणि ते कुठे आहेत हे पोरासोरांनाही ठाऊक. शिवाय फोनच्या नोंदी पोलिसांना मिळतात, खासगी गुप्तहेराला नाही. मात्र ‘नेमकी तिथे रेंज नव्हती’ हे कारण एका पुस्तकात एकदाच वापरा.

प्रश्न : स.न.वि.वि. ८० हजार शब्दांची कादंबरी लिहायला घेतली आहे. ३० हजारांवर अडकलो आहे. माझा गुप्तहेर एकामागून एक लोकांना भेटतो, विचारतो, निघतो. वाचताना मलाच जांभया येतात. काय करू?

उत्तर : हा या प्रकाराचा सर्वांत सार्वत्रिक आजार : मुलाखतींची रांग. मूळ बहुधा एकच असतं. खून झाल्यावर तुमचा खुनी हातावर हात धरून बसलाय.

लिखाण थांबवा आणि चार-पाच पानांत खरी हकीकत सरळ कालक्रमाने लिहून काढा, खुन्याच्या बाजूने, गुन्ह्याच्या आधीपासून ते शेवटच्या पानापर्यंत. सकाळी अकराला गुप्तहेराने कोणाला काही विचारलं तर संध्याकाळपर्यंत ते खुन्याच्या कानावर जाणारच. कोणाकरवी जाणार, आणि ऐकल्यावर तो काय करणार? काही हलवेल, कोणाला गप्प करेल, कोणाच्या तोंडून काही वदवेल. ही हालचाल पुढच्या मुलाखतीत जाणवली पाहिजे. ‘हे आपल्यातच राहू द्या’ असं म्हटल्यावर तीन दिवस बातमी फुटत नसेल तर ते लहान गाव नाही.

मग एक मोठा कागद घ्या. उभ्या बाजूला माणसं : मृत व्यक्ती, पाच-सहा संशयित, दोन-तीन साक्षीदार. आडव्या बाजूला संध्याकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंतचे अर्ध्या तासाचे बारा रकाने. प्रत्येक चौकटीत दोन ओळी : वर तो खरंच कुठे होता, खाली तो काय सांगतो. या दोन ओळी जुळत नाहीत तिथे तुमचा प्रसंग आहे. निदान चार माणसांच्या ओळी जुळू नयेत, आणि त्यातल्या एकाचंच कारण खून असावं. बाकीचे आपापलं झाकत असतात : चोरून भेटणं, हिशेबातली अफरातफर, सोडली असं सांगितलेली दारू. प्रत्येक खोटं उघडं पडताना एका प्रश्नाचं उत्तर मिळावं आणि दुसरा उभा राहावा. चारपेक्षा कमी संशयित असले तर वजाबाकीने उत्तर येतं. सातच्या पुढे गेले की वाचक मागची पानं चाळू लागतो. नावांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा. सुरेश, सुनील आणि सुधाकर एकाच पुस्तकात असतील तर वाचकाचा गोंधळ होतो आणि त्याला रहस्य म्हणत नाहीत.

प्रसंगाच्या पातळीवर : ‘त्या रात्री तुम्ही कुठे होता?’ हा सरळ प्रश्न पुस्तकभरात एक-दोनदाच. त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. गुप्तहेराने दुसऱ्याबद्दल विचारावं, कारण शेजाऱ्याबद्दल बोलायला माणूस कधी नाही म्हणत नाही. ‘तिच्याकडे साडेदहापर्यंत दिवा होता’ असं कोणी खमंगपणे सांगितलं, की साडेदहाला तो स्वतः त्या रस्त्यावर होता हे निसटलं. नऊलाच झोपलो असं तो आधी म्हणाला होता. तसंच, बोलणाऱ्याच्या हाताला काम द्या आणि शक्य तिथे तिसरं माणूस हजर ठेवा : सासू, ग्राहक, शिकाऊ पोरगा. गावात एकट्याने बोलायला मिळणं दुर्मीळ, आणि तिसऱ्यासमोर जे बोलता येत नाही ते वाचकाला दिसतं.

राहिला मध्यबिंदू. ४० ते ४५ हजार शब्दांच्या दरम्यान वाचकाने गृहीत धरलेली एक गोष्ट मोडा. मारायचं दुसऱ्यालाच होतं, वेळच चुकीची धरली होती, अशिलानेच खोटं सांगितलं होतं. दुसरं प्रेत पाडणं हा सोपा मार्ग. पाडायचंच असेल तर जे माहीत असल्यामुळे तो मेला ते वाचकानेही आधी पाहिलेलं असावं.

प्रश्न : मालिकेतल्या त्या एवढ्याशा गावात वर्षाला दोन खून होतात. माणसं उरतात तरी कशी? आणि मालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचायला हवी का?

उत्तर : उरतात ती पुढच्या पुस्तकात संशयित होतात! जाणते लेखक यातून वाट काढतात : एका पुस्तकात ताजा खून, पुढच्यात तीस वर्षांपूर्वीचा मृत्यू उकरला जातो, त्यापुढे निनावी पत्रं, विम्यासाठी लावलेली आग, खोटा वारस. गुप्तहेर आसपासच्या चार-पाच वस्त्यांतही काम करतो. त्यासाठी लेखकाकडे मालिकेची वेगळी वही लागते : प्रत्येकाचं वय, गल्ल्यांचा नकाशा, कोणतं घर रिकामं झालं, कोण कशामुळे कोणावर रुसलंय. वही नसली की दुसऱ्या भागात गेलेला म्हातारा पाचव्यात बाकावर बसलेला सापडतो.

क्रमाचं म्हणाल तर प्रत्येक कोडं बहुधा त्या त्या पुस्तकात पूर्ण होतं, पण पात्रांची नाती पुढे सरकत राहतात आणि नंतरच्या भागात आधीचा खुनी सहज बोलता बोलता फुटू शकतो. म्हणून क्रमाने वाचलेलं बरं. पहिलं पुस्तक मात्र अनेकदा गाव मांडण्यातच दमलेलं असतं. ते आवडलं नाही म्हणून मालिका टाकून देण्याआधी तिसरं एकदा उघडून पाहा.